बोगद्यातून वर न आलेला निरोप: लंडनच्या भुयारी रेल्वेतील रेडिओ यंत्रणेचा प्रकरण अभ्यास

७ जुलै २००५ रोजी सकाळी ८ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास लंडनच्या भुयारी रेल्वेत तीन गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. तासाभराने टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये एका बसमध्ये चौथा स्फोट झाला. एकूण ५२ निरपराध माणसे गेली, त्यांतली २६ एकट्या पिकॅडिली मार्गावरच्या गाडीत. हल्ला कोणी केला आणि का, हा इथला विषय नाही. इथे माग घ्यायचा आहे तो एकाच गोष्टीचा: बोगद्यात उतरलेल्या माणसाला वर उभ्या असलेल्या माणसाशी रेडिओवर का बोलता आले नाही? आणि ही अडचण सतरा वर्षे आधी चौकशी अहवालात लिहिलेली असूनही तशीच का राहिली? घटना सर्वांना माहीत आहे, तिच्यावर जाहीर चौकशा झाल्या आहेत. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या माणसांचा उल्लेख मात्र मी फक्त त्यांच्या कामावरून केला आहे.

पार्श्वभूमी

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. रुळांची लांबी सुमारे ४०० किलोमीटर, त्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग बोगद्यात. सर्कल मार्गासारखे जुने मार्ग रस्त्याच्या थोडेच खाली आहेत आणि तिथे दोन रूळ शेजारी शेजारी मावतात. पिकॅडिली मार्ग मात्र खोल चिकणमातीतून गेलेल्या गोल नळीसारखा आहे. नळीचा आतला व्यास सुमारे ३.५६ मीटर. गाडी आत शिरली की भिंत आणि डबा यांच्यामध्ये फारशी जागा उरत नाही.

रेडिओच्या दृष्टीने ही जागा फार वाईट. वरच्या मनोऱ्याच्या लहरी माती अडवते. साधा वॉकीटॉकी सरळ, रिकाम्या बोगद्यात काही अंतर चालतो, पण वळण आले किंवा मध्ये माणसांनी भरलेली गाडी उभी राहिली की आवाज तुटतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे लीकी केबल. बोगद्याच्या भिंतीवरून एक जाड केबल न्यायची आणि तिच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला ठरावीक अंतरावर चिरा ठेवायच्या. ठिबकच्या नळीतून पाणी झिरपावे तशा लहरी त्या चिरांतून बाहेर येतात आणि हँडसेटच्या लहरी त्याच वाटेने आत जातात. केबल जिथवर धड आहे तिथवर बोलणे होते. ज्या यंत्रणेचे हँडसेट त्या केबलला जोडलेल्या बेस स्टेशनच्या वारंवारतेवर आहेत, तिचेच बोलणे होते. दुसऱ्या कोणाचा हँडसेट कितीही महागाचा असला तरी तिथे निकामी.

रेडिओच्या आधीची सोय सांगायला हवी, कारण ती साधी आणि भक्कम होती. बोगद्याच्या भिंतीवर दोन उघड्या तांब्याच्या तारा नेलेल्या असत. चालकाने त्या चिमटीत एकत्र दाबल्या की त्या टप्प्याचा वीजपुरवठा तुटे. मग त्याच तारांना हातातला फोन अडकवून नियंत्रकाशी बोलता येई. ती सोय चालकासाठी होती. आत उतरणारा अग्निशामक जवान किंवा रुग्णवाहिकेचा कर्मचारी तिच्यात कुठेच नव्हता.

अडचण पहिल्यांदा कधी दिसली

१८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली आणि ३१ जण मेले. त्या संध्याकाळची एक बारीक नोंद या सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे. आग पाहिलेल्या रेल्वे पोलिसाचा रेडिओ जमिनीखाली चालत नव्हता. अग्निशामक दलाला बोलवा एवढे सांगण्यासाठी त्याला जिने चढून रस्त्यावर यावे लागले.

चौकशी ज्येष्ठ वकील डेस्मंड फेनेल यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि अहवाल नोव्हेंबर १९८८ मध्ये आला. त्यात १५७ शिफारशी होत्या. लाकडी जिने, धूम्रपान, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांबरोबर रेडिओचाही विषय त्यात होता. यानंतर रेल्वे पोलिसांना जमिनीखाली चालणारा रेडिओ मिळाला. हे काम झाले आणि चांगले झाले. अग्निशामक दल, रुग्णवाहिका सेवा आणि शहराचे इतर पोलीस यांचा प्रश्न मात्र मागे राहिला.

माझ्या मते खरी चूक इथे झाली. शिफारस पाळली असे म्हणण्याइतपत काम पुरे झाले होते, म्हणून निकड गेली. बोगदा रेल्वेचा, हँडसेट दलांचे आणि पैसा सरकारचा. बोगद्यात सर्वांचा आवाज चालला पाहिजे ही जबाबदारी कोणा एकाच्या नावावर लिहिलेलीच नव्हती.

समोर असलेले पर्याय

नव्वदच्या दशकात तीन वाटा होत्या.

प्रत्येक दलाने आपापली केबल टाकावी, ही पहिली. तांत्रिकदृष्ट्या सोपी, पण भुयारी रेल्वेत काम रात्री गाड्या बंद असतानाच करता येते आणि तो वेळ मोजक्या तासांचा. चार यंत्रणांनी चार वेळा त्याच भिंतीवर चढायचे म्हणजे कामे कित्येक वर्षे लांबणार.

रेल्वेने स्वतःसाठी नवे जाळे उभारावे आणि त्यावर इतरांना जागा द्यावी, ही दुसरी. याचा अर्धा भाग प्रत्यक्षात आला. १९९९ मध्ये ‘कनेक्ट’ नावाच्या प्रकल्पाचा वीस वर्षांचा करार खासगी भागीदारीत झाला. मार्गामार्गावर असलेले वेगवेगळे जुने रेडिओ काढून सगळीकडे एकच टेट्रा पद्धतीचे (पोलीस, अग्निशामक दल अशा सेवांच्या डिजिटल रेडिओचे एक मानक) जाळे आणायचे होते. काम अवघड होते आणि ते वर्षानुवर्षे मागे पडत गेले.

तिसरी वाट थांबण्याची. ब्रिटिश सरकारने २००० मध्ये पोलिसांसाठी देशभराच्या ‘एअरवेव्ह’ जाळ्याचा करार केला. तेही टेट्राच. ते आले की सगळे सुरळीत होईल, अशी आशा. २००५ पर्यंत एअरवेव्ह जमिनीवर पसरले, जमिनीखाली नाही.

म्हणजे एकाच तंत्रज्ञानाची दोन जाळी तयार होत होती, एक वर आणि एक खाली. दोन्ही जोडायची तारीख दोन्ही करारांच्या मध्ये कुठेतरी हरवली होती. ती जोडणी नंतर झाली आणि चालली. त्यामुळे ती होण्यासारखी नव्हती, असे कोणी म्हणू शकत नाही.

त्या सकाळी काय घडले

पहिले स्फोट सर्कल मार्गावर लिव्हरपूल स्ट्रीट आणि ऑल्डगेटच्या दरम्यान व एजवेअर रोडजवळ झाले आणि पिकॅडिली मार्गावर किंग्ज क्रॉस व रसेल स्क्वेअरच्या दरम्यान. भुयारी रेल्वेच्या नियंत्रण कक्षात एकाच वेळी अनेक मार्गांवर वीज गेल्याचे दिसले. सुरुवातीला विजेचा मोठा झटका बसला असावा असा अंदाज निघाला आणि तो जाहीरही झाला. त्या अंदाजाला मी दोष देणार नाही. पडद्यावर दिसत होते त्यावरून तोच अर्थ निघत होता. पडद्यावर न दिसणारे, म्हणजे धूर, अंधार, जखमी माणसे, हे सांगू शकणारे लोक बोगद्यात होते. प्रवाशांना चालकाशी बोलता येत नव्हते आणि चालकाला नियंत्रकाशी.

या तुटलेपणाचा एक परिणाम आकड्यांतच सापडतो. स्फोट झालेल्या गाड्यांतले प्रवासी बोगद्याच्या दोन्ही तोंडांनी बाहेर आले, काही मागच्या स्थानकात, काही पुढच्या. त्यामुळे तीन ठिकाणच्या घटना सहा ठिकाणच्या वाटू लागल्या. पोलिसांनी त्या दिवशी स्फोटांच्या वेळा ८.५१, ८.५६ आणि ९.१७ अशा सांगितल्या. रेल्वेच्या तांत्रिक नोंदी तपासल्यावर दोन दिवसांनी कळले की तिन्ही स्फोट अवघ्या ५० सेकंदांच्या आत झाले होते. २६ मिनिटांचा हा फरक साधा नाही. स्फोट एकामागून एक होत आहेत असे मानणारा अधिकारी एक निर्णय घेतो आणि तिन्ही एकदम झाले हे माहीत असलेला अधिकारी दुसरा.

सव्वानऊच्या सुमारास भुयारी रेल्वेने सगळ्या गाड्या पुढच्या स्थानकात आणून रिकाम्या करण्याचा आदेश दिला. दोन लाखांहून अधिक माणसे बाहेर काढली गेली. हा निर्णय अपुऱ्या माहितीवर घेतला होता आणि तो बरोबर होता. नियंत्रकांनी सगळे स्पष्ट होण्याची वाट पाहिली असती तर शेकडो गाड्या बोगद्यात अडकल्या असत्या.

सर्वांत कठीण जागा रसेल स्क्वेअरची. गाडी किंग्ज क्रॉस सोडून थोडीच पुढे गेली होती. डबे खच्चून भरलेले, बोगदा अरुंद, धूर जायला जागा नाही. आत गेलेल्या अग्निशामक जवानांच्या रेडिओचा वर जमिनीवर संपर्क होत नव्हता. एका माणसाने निरोप घ्यायचा, रुळांवरून चालत स्थानकात यायचे, वर चढायचे, निरोप सांगायचा आणि उत्तर घेऊन परत खाली जायचे, असे काम चालले. किती जखमी आहेत, स्ट्रेचर किती लागतील, दुसरा बॉम्ब असण्याची शंका आहे का, हे सगळे पायी जात होते. निरोप वर पोहोचेपर्यंत खालची परिस्थिती बदललेली असे. किंग्ज क्रॉसची आग लागली तेव्हा पोलिसाला जिने चढून वर यावे लागले होते आणि आता त्याच स्थानकापासून हाकेच्या अंतरावर जवान तसेच येत होते.

जमिनीवरही रुग्णवाहिका सेवेची दमछाक झाली. रेडिओच्या वाहिन्यांवर गर्दी उसळली, म्हणून अधिकारी मोबाइलकडे वळले. मोबाइलचे जाळे आधीच तुंबलेले. अधिकाऱ्यांचे पेजर काही काळापूर्वी काढून घेऊन त्यांना मोबाइल दिले होते. घटनास्थळावरून जादा रुग्णवाहिका आणि साहित्य मागणारे निरोप नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचत नव्हते किंवा त्यांना उत्तर येत नव्हते.

मोबाइल बंद करायचा का

या दिवसातला हा निर्णय तपशिलात पाहण्यासारखा आहे. सामान्य ग्राहकांचे कॉल थांबवून फक्त नोंदणी केलेल्या आपत्कालीन फोनना वाट मोकळी करून देण्याची सोय तेव्हा मोबाइल कंपन्यांकडे होती. ती वापरावी का, हा प्रश्न सर्व दलांच्या वरिष्ठांच्या समन्वय गटापुढे आला. गटाने नकार दिला. कारणे दोन. लोकांचे फोन एकाएकी बंद पडले तर घबराट वाढेल आणि आपल्याच किती माणसांकडे नोंदणी केलेले फोन आहेत याची खात्री नव्हती.

तरीही दुपारी बाराच्या सुमारास सिटी ऑफ लंडन पोलिसांनी (शहराच्या जुन्या मध्यवर्ती भागाचे वेगळे पोलीस दल) एका कंपनीला ऑल्डगेटभोवती एक किलोमीटरच्या परिसरात ही बंदी लावायला सांगितले. कंपनीने ती समन्वय गटाकडे न विचारता लावली. बंदी चार तासांहून अधिक चालली. या काळात असंख्य सामान्य लोकांचे कॉल लागले नाहीत आणि त्यांत आपल्या माणसाचा ठावठिकाणा शोधणारे किती असतील याची कल्पनाही करवत नाही.

पोलिसांची अडचण खोटी नव्हती. त्यांना आपल्या माणसांशी बोलायचे होते. पण सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय एका दलाने परस्पर बदलावा आणि यंत्रणेने तो तपासल्याशिवाय अमलात आणावा, हे गंभीर आहे. नोंदणी केलेल्या फोनची यादी अद्ययावत नसेल तर बंदीचे बटण हातात असून उपयोग नाही. ते दाबल्यावर आपल्याच डॉक्टरचा फोन बंद पडू शकतो.

नंतर केलेली कृती

लंडन असेम्ब्लीच्या, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभेच्या, समितीने जून २००६ मध्ये आपला अहवाल दिला. फेनेल अहवालानंतर इतकी वर्षे उलटूनही आपत्कालीन सेवांना जमिनीखाली एकमेकांशी बोलता येत नाही हे तिने न कचरता मांडले. या समितीने वाचलेल्या माणसांना बोलते केले, त्यांच्या अनुभवातून यंत्रणेकडे पाहिले, हे मला तिच्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. यंत्रणांच्या स्वतःच्या अहवालांत प्रवाशाची बाजू सहसा येत नाही.

रुग्णवाहिका सेवेने अधिकाऱ्यांना पेजर परत दिले. हा निर्णय छोटा दिसतो, पण विचारपूर्वक घेतलेला आहे. पेजरचे जाळे मोबाइलच्या गर्दीत तुंबत नाही.

कनेक्ट प्रकल्प अखेर पूर्णत्वाला आला. त्याच काळात एअरवेव्ह जमिनीखालच्या सुमारे १२५ स्थानकांत नेण्याचे काम झाले आणि २००९ च्या सुरुवातीपर्यंत ते पार पडले. किंग्ज क्रॉसच्या आगीपासून मोजले तर एकवीस वर्षे लागली.

परिणाम

मृत्यूंची न्यायिक चौकशी २०१०-११ मध्ये झाली. न्यायमूर्ती हॅलेट यांनी मे २०११ मध्ये आपला अहवाल दिला. मदत अधिक लवकर पोहोचली असती तरी मृतांपैकी कोणी वाचले असते असे पुराव्यावरून म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने हा निष्कर्ष आधी मान्य करावा. रेडिओ चालला असता तर इतके जीव वाचले असते, असा आकडा कोणी सांगत असेल तर त्याला पुराव्याचा आधार नाही.

तरीही रेडिओचा प्रश्न त्यामुळे लहान होत नाही. जखमी माणूस अंधारात किती वेळ एकटा होता, आत गेलेल्या जवानाला पुढच्या डब्यात धोका आहे हे कळले का, वर थांबलेल्या डॉक्टरला खाली कशाची गरज आहे हे समजले का, यालाही किंमत आहे. आणि पुढच्या घटनेत जखमांचे स्वरूप वेगळे असू शकते.

काय वेगळे करता आले असते

मोठे जाळे येईपर्यंतच्या काळासाठी कोणी काही ठरवले नाही, ही मला सर्वांत खटकणारी गोष्ट. १९८८ आणि २००५ यांच्या मध्ये कायमचा उपाय नेहमी दोन-तीन वर्षांवर दिसत राहिला. अशा वेळी वाहून नेता येणारे रिपीटर (रेडिओचा आवाज पकडून पुढे पाठवणारी यंत्रे), केबलची रिळे, प्लॅटफॉर्मपासून बोगद्यात थोड्या थोड्या अंतरावर रेडिओसह माणसांची साखळी उभी करण्याचा सराव, हे सगळे करता येते. खर्च मोठ्या प्रकल्पाच्या मानाने नगण्य. पण तात्पुरत्या उपायावर पैसा घातला की कायमच्या उपायाची निकड कमी होईल, ही भीती सरकारी यंत्रणेत नेहमी असते आणि तिला उत्तर म्हणून तात्पुरत्या उपायाची मुदत संपण्याची तारीख कागदावर घालता येते.

दुसरे, स्फोटात किंवा आगीत केबलच तुटू शकते हे गृहीत धरायला हवे होते. केबल दोन्ही टोकांकडून चालवली तर मध्ये तुटली तरी दोन्ही बाजू जिवंत राहतात.

तिसरे म्हणजे, सामाईक वाहिनी असणे आणि ती वापरण्याची सवय असणे यांत फार अंतर आहे. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टरमध्ये व्हिक्टोरिया स्थानकाला लागून असलेल्या सभागृहात स्फोट होऊन २२ जण मेले. तोवर सगळ्या दलांकडे एअरवेव्ह होते आणि नियंत्रण कक्षांनी एकमेकांशी बोलण्यासाठी सामाईक वाहिनीही ठरलेली होती. ती नीट वापरली गेली नाही. अग्निशामक दल घटनास्थळी पोहोचायला दोन तासांहून अधिक लागले. हँडसेट, केबल, मनोरा सगळे धड होते. वाहिनी कोणी, केव्हा उघडायची हे हातात बसलेले नव्हते.

आता एअरवेव्हच्या जागी मोबाइलच्या ४जी जाळ्यावर चालणारी नवी आपत्कालीन यंत्रणा आणायची आहे. लंडनच्या बोगद्यांत ४जी मार्च २०२० पासून टप्प्याटप्प्याने आले, सुरुवात ज्युबिली मार्गाच्या पूर्व भागापासून झाली. नवी यंत्रणा त्याच पायाभूत सोयींवर चालेल. मूळ आराखड्याप्रमाणे एअरवेव्ह या दशकाच्या तोंडाशीच बंद व्हायचे होते. ते अजून चालू आहे आणि ते चालू ठेवले हे बरे झाले.

आपल्याकडे पाहताना

असेम्ब्लीचा अहवाल आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. मोबाइल लागत नव्हते हे त्या संध्याकाळी घराकडे निघालेल्या प्रत्येकाला आठवत असेल. ते मार्ग उघड्यावर होते. शेजारच्या वस्तीतली माणसे रुळांवर धावली आणि चादरींतून जखमींना घेऊन गेली.

आता आपल्याकडेही खोल बोगदे आहेत. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट, मुंबईत आरे ते कफ परेड. मुंबईची मेट्रो ३ साडेतेहतीस किलोमीटर लांब आहे, २७ पैकी २६ स्थानके जमिनीखाली. ती सुरू झाली तेव्हा प्रवाशांची मोठी तक्रार मोबाइलला नेटवर्क नसल्याची होती. ती रास्त आहे. पण त्याहून महत्त्वाची चाचणी प्रवाशाच्या फोनची नाही. पालिकेच्या अग्निशामक दलाचा जवान, शहर पोलीस आणि रुग्णवाहिकेचा कर्मचारी यांनी आपापले नेहमीचे हँडसेट घेऊन दोन स्थानकांच्या मधोमध उभ्या असलेल्या भरलेल्या गाडीत जावे. तिथून आपल्या नियंत्रण कक्षाशी आणि एकमेकांशी बोलून पाहावे. मग मधली केबल मुद्दाम तोडून तेच पुन्हा करावे. कोणाचा आवाज कुठे तुटला, किती मिनिटांनी दुसरा मार्ग सापडला आणि तो कोणी शोधला, हे सरावाच्या अहवालात लिहावे. दुरुस्ती कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेपर्यंत करायची, हे त्याच पानावर यावे.